वाफेचं यंत्र आणि नानांचा डाग

चहा घ्या आधी. हे सांगून झाल्यावर तुम्ही मला परत चहाला बोलवाल याची काही खात्री नाही.

मूर्खपणा कोण करत नाही? सगळेच करतात. पण चार ठिकाणी चौकशी करून, घरी माणसं बोलावून, डेमो बघून, पारखून मूर्खपणा केलेला माणूस नाशकात मी एकटाच निघेन.

मी तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होतो. खरेदी विभाग म्हणजे काय, ठाऊक आहे ना? साधा खिळा घ्यायचा तरी तीन दुकानदारांकडून कोटेशन मागवायचं, नमुना आणायचा, तो ठोकून बघायचा, आणि शेवटी पहिल्याकडूनच घ्यायचा. हा रोग माझ्याबरोबर घरीही यायचा. माझी बायको शोभा एकदा म्हणाली होती, "लग्नाच्या वेळी माझ्याशिवाय आणखी दोघींची कोटेशनं मागवली होती का हो?" मी गप्प बसलो, कारण मागवली होती.

तर त्या वर्षी थंडीत आमचे नाना गेले. माझे वडील. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. दिवसभर दिंडोरीकडच्या कालव्याच्या कडेनं सायकल हाकायची, कोणाच्या शेताला आधी पाणी सोडलं यावरून शिव्या खायच्या, आणि संध्याकाळी म्हसरूळला घरी येऊन बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसायचं, भिंतीला डोकं टेकून. बस. देवळात नाही, कट्ट्यावर नाही. रिटायर झाल्यावर तर सकाळपासूनच तिथं.

आता नानांच्या डोक्याला तेल लागायचं चपचपीत. माका आणि जास्वंद घालून आई स्वतः ते तेल कढवायची. त्यामुळे त्या भिंतीवर डाग पडला होता. चांगला भाकरीएवढा, काळपट, मधोमध चकाकणारा. दिवाळीला रंग दिला की महिनाभर भिंत शहाण्यासारखी राहायची. संक्रांतीपर्यंत तो डाग रंगातून परत वर यायचा.

त्या डागावरून घरात रोज भांडण. आई मूळची सायखेड्याची. बोलायला फटकळ आणि स्वच्छतेची इतकी कडक, की तिनं धुतलेल्या ओट्यावर माशीसुद्धा बिचकून बसायची.

"भिंत हाय का उशी हाय?" आई विचारायची.

"तेल कोण कढवतं?" नाना डोळे मिटूनच.

"डोक्याला कढवते मी. भिंतीला नाय."

"पण बघ ना, भिंतीचा एक केस तरी गळला का?"

मग आई भांडी आपटायची आणि नाना मिशीत हसायचे. मी शाळेत जायला लागल्यापासून हे ऐकत आलेलो. आमच्या घरात घड्याळ नसतं तरी चाललं असतं, इतकं हे भांडण वेळेवर व्हायचं.

नाना गेले आणि आई गप्प झाली. गप्प म्हणजे किती? रडलीसुद्धा नाही. तेराव्याला नाही, नंतर नाही. ओट्यावर दूध उतू गेलं तरी बोलायची नाही. शोभानं मुद्दाम खरकटं तसंच ठेवून बघितलं, तरी नाही. जेवण म्हणजे अर्धी चतकोर, तीही पाण्याबरोबर ढकललेली. दिवसभर बाहेरच्या खोलीत बसायची, नानांच्या जागेच्या बरोबर समोर, त्या भिंतीकडे तोंड करून.

मला भीती वाटायला लागली, खरं सांगतो. माझी मोठी मावशी अशीच गप्प होत होत वर्षाच्या आत गेली होती. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "औषध काही नाही. त्यांना बोलतं करा. रडल्या तरी चालेल. भांडल्या तर फार उत्तम."

आता आईला बोलतं कसं करायचं?

तेवढ्यात एका सकाळी मी पाहिलं. मी आंघोळ करून बाहेर आलो, तर आई गुडघ्यावर बसून, हातात ओलं फडकं घेऊन त्या भिंतीशी काहीतरी करत होती. मला बघून तिनं फडकं पदराखाली लपवलं. दुसऱ्या दिवशी पाळत ठेवली. परत तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

झालं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, अरे, म्हातारी ह्या वयात रोज पहाटे तो डाग घासतेय. आयुष्यभर भांडली त्याच्यासाठी, आणि तो काही निघत नाही. म्हणून समोर बसून त्याच्याकडेच बघत बसते. दुःख नवरा गेल्याचं आहेच, पण जिवाला खातोय तो डाग. एकदाचा तो काढला, की आई मोकळी.

किती सरळ हिशेब. तुम्हाला पटला ना? मलाही पटला होता.

ते दिवस असे होते, की दुपारी टीव्हीवर परदेशी वस्तूंच्या लांबलचक जाहिराती लागायच्या. हिंदीत आवाज आणि ओठ भलतेच हलणारे. त्यात एक गोरी बाई वाफेच्या यंत्रानं सगळं घर साफ करायची. नळी धरायची, वाफ सोडायची, आणि वर्षानुवर्षांचा मळ पळून जायचा. साबण नको, घासणं नको. माझ्या मनात ते यंत्र भरलं.

ऑफिसात आमच्या स्टोअरचे धात्रक होते. त्यांच्या कानावर घातलं.

"घ्या की साहेब," धात्रक म्हणाले. "पण जाहिरातीला भुलू नका. घरी बोलवून डेमो घ्या. आपल्याच डागावर घ्या. त्यांचे डाग त्यांच्या ओळखीचे असतात."

लाखमोलाचं बोलला माणूस. मी कामाला लागलो. मेनरोडपासून एमजी रोडपर्यंत दुकानं पालथी घातली. एकात पाणी कमी मावतं, एकाची नळी आखूड, एकाला तापायला वेळ लागतो, एक चांगलं आहे पण बिघडलं तर मुंबईला न्यावं लागतं. शोभा एकदाच म्हणाली, "अहो, आईंना एकदा विचाराल का?"

"जिच्यासाठी घ्यायचं तिला विचारायचं नसतं," मी म्हटलं. "ती नकोच म्हणणार. जुनी माणसं अशीच."

पहिल्या डेमोला आला तो टाय लावून आला, नाशिकच्या एप्रिलमध्ये. यंत्रात पाणी भरलं, प्लग लावला, आणि आम्ही सगळे यंत्रावरचा लाल दिवा विझायची वाट बघत बसलो. कुकरच्या शिट्टीची बघतात तशी. दिवा विझला. तो उभा राहिला, टाय सारखा केला आणि म्हणाला, "सर, घरातला सगळ्यात हट्टी डाग दाखवा."

मी ह्याच क्षणाची वाट बघत होतो. हात लांब करून भिंत दाखवली.

आई उठली. इतक्या दिवसांत इतक्या चटकन उठलेली मी तिला पाहिली नव्हती. भिंतीपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तिथं नको. मोरीत कर."

बोलली की! मी शोभाकडे बघितलं. यंत्र नुसतं घरात आलं तर आई बोलली, विकत घेतल्यावर काय होईल? त्या माणसानं मोरीत जाऊन वाफ सोडली. एक फरशी चक्क पांढरी निघाली. पण मला एका फरशीवर निर्णय घ्यायचा नव्हता.

दुसरा आला तो धिप्पाड, आणि त्याचं यंत्र म्हणजे गॅसच्या टाकीचा धाकटा भाऊ. ते सुरू केलं तशी घरातली लाइटच गेली. फ्यूज बदलून परत बसलो. "कुठं मारू?" त्यानं विचारलं. मी भिंतीकडे वळलो, तर आई तोवर नानांच्या जागेवर जाऊन बसली होती. डागाला डोकं टेकून. ज्या डागाजवळ कोणाला बसू द्यायची नाही, तिथं स्वतः.

"आई, जरा सरक. त्यांना भिंत दाखवायचीय."

"मला उठता येत नाय. पाठीत उसण भरलीय."

"पाच मिनिटं फक्त."

"मोरीत कर म्हणावं."

परत मोरी. तिसऱ्या डेमोलाही आईच्या पाठीत उसण भरली आणि तिसराही मोरीत गेला. तोवर आमची मोरी अशी लखलखायला लागली होती, की आंघोळ करायला संकोच वाटावा. फरशी मुळात पांढरी होती हे मला त्या घरात लहानाचा मोठा होऊन तेव्हा कळलं.

आता एखाद्या शहाण्याला इथं शंका आली असती. मला आली नाही. मी काय अर्थ लावला सांगू? म्हटलं, आईला लाज वाटतेय. आयुष्यभर घर आरशासारखं ठेवलेली बाई, परक्या माणसासमोर भिंतीवरचा मळ कसा दाखवेल? मग हे काम आपणच करायचं, परका माणूस घरात नसताना. आणि तीही नसताना. परत येईल तेव्हा भिंत एकदम स्वच्छ.

शोभाला बेत सांगितला. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "मला काही हे बरं वाटत नाहीये."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय? बोलतं करा."

"बघा बाई," ती म्हणाली. 'बघा बाई' हे शोभा फार थोड्या वेळा म्हणते, आणि प्रत्येक वेळी मी नंतर बघितलेलं आहे.

धिप्पाड माणसाचं यंत्र घेतलं. पलंगाखाली लपवलं. मग मामाला फोन करून आईला दोन दिवस सायखेड्याला न्यायला लावलं. आई जायला तयार नव्हती. निघताना दारात थांबून मागं वळून भिंतीकडे बघितलं तिनं. मला म्हणाली, "घराकडं लक्ष ठेव." मी म्हटलं, "तू काळजीच करू नको."

रविवार होता. शोभा तिच्या बहिणीकडे गेली, बहुतेक मुद्दामच. मी यंत्र तापवलं, ब्रशला फडकं गुंडाळलं, आणि नळी डागावर धरली.

काय वाफ होती महाराज. डाग आधी घामेजला. मग तेल सुटून खाली ओघळायला लागलं. आणि एकदम वास आला. माका, जास्वंद, गरम खोबरेल. नानांचा वास. बाहेरची खोली त्या वासानं भरून गेली. मी नळी धरून तसाच उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, वाफेनं आलं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण मी फडकं फिरवलं. डाग तर निघालाच, त्याच्याबरोबर रंगही निघाला, आणि जुन्या पिवळट भिंतीवर भाकरीएवढा पांढराफेक गोल दिसायला लागला. डागापेक्षा तोच जास्त डोळ्यात खुपायला लागला. मग तो लपवायला बाजूची भिंत घेतली. ती स्वच्छ झाली तशी वरची घाण दिसली. वरची केली तर कोपरा. दुपार होईपर्यंत ती अख्खी भिंत मी सोलून काढली होती. नाना तिथं कधी बसले होते असं सांगितलं तरी कोणाला खरं वाटलं नसतं.

आई दुसऱ्या दिवशी सकाळीच, ठरल्यापेक्षा लवकर आली. हातात मामानं दिलेली वांग्यांची पिशवी. मी दाराजवळ उभा, प्रदर्शनात वस्तूशेजारी उभे राहतात तसा. शोभा स्वयंपाकघराच्या दारात.

आईनं चपला काढल्या, वर बघितलं, आणि पिशवी खाली ठेवली. हळूच भिंतीपाशी गेली. नेमक्या त्याच जागी तळहात ठेवला.

"ओली हाय," ती म्हणाली.

"वाळेल संध्याकाळपर्यंत," मी म्हटलं. "बघ, एका वाफेत गेला. आता तुला रोज पहाटे घासायला नको."

"कोण घासत होतं?"

"अगं, मी बघितलं ना. ओलं फडकं घेऊन तू रोज..."

"कडंकडंनं पुसायचे मी," आई म्हणाली. "बाजूला धूळ बसते, जाळी धरते, ती डागावर जाऊ नये म्हणून. डागाला हात लागू द्यायचे नाय. तुझे डोळे काय गहाण पडले होते?"

मी शेजारी ठेवलेल्या यंत्राकडे बघायला लागलो.

"हाडं गंगेत सोडली," आई म्हणाली. आवाज हळूहळू चढत चालला होता. "कापडं तू वाटून टाकली. चष्मा कोणाला तरी देऊन टाकला. सायकल दिली. एवढं डोकं टेकल्याचं ऱ्हायलं होतं त्यांचं घरात. तेबी वाफेनं उडवलंस व्हय रे नंद्या?"

आणि मग जी सुरू झाली. मी काय सांगू, माझा सगळा जन्म काढला तिनं. लहानपणी मी नानांच्या सायकलची हवा सोडली होती इथपासून, त्यांच्या आजारपणात ऑफिसला रजा टाकली नाही इथपर्यंत. शेजारच्या बायका कंपाउंडपाशी जमल्या. ते यंत्र तिनं पायानं लोटलं. मी मान खाली घालून उभा. आणि स्वयंपाकघराच्या दारात शोभा तोंडाला पदर लावून रडत होती आणि हसतही होती. मला हळूच म्हणाली, "अहो, आई भांडतायत."

भांडून थकली तेव्हा आई त्या ओल्या भिंतीला कपाळ लावून बसली आणि रडली. पोटभर रडली. नाना गेल्यानंतर पहिल्यांदा. मी जवळ गेलो तर मला ढकललं, पण हात नाही सोडला माझा. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी छातीवरचा धोंडाही उतरला होता. दोन्ही एकदमच. त्या संध्याकाळी आई अख्खी भाकरी जेवली. वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालंय, हेही शोभाला ऐकवलं.

आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला. थांबा. शिक्षा अजून व्हायचीय.

पुढच्या आठवड्यात घरात तेल कढल्याचा वास आला. आईनं वाटी माझ्यापुढं ठेवली आणि भिंतीकडे बोट केलं.

"लाव आणि बस."

"मी?"

"मग कोण बसणार? काढला कोणी?"

आता माझं डोकं बघा. आज जे दिसतंय त्यातलं निम्मं काम तेव्हाच झालेलं होतं. केस असले तर तेल धरतात. टकलावरून ते सरळ कॉलरमध्ये उतरायचं. तरी रोज ऑफिसातून आलो की हातपाय धुवायचे, तेल थापायचं आणि भिंतीला डोकं टेकून बसायचं. आई समोर. "असं नाय, ते वाकडी मान करून बसायचे. डोळे मीट. पेपर नको वाचू, ते कधी वाचायचे?" मध्येच जुन्या सवयीनं ओरडायची, "भिंत खराब करू ऱ्हायला नुसती." आणि स्वतःच गप्प व्हायची.

पावसाळ्यात कुठं डाग धरायला लागला, तर तो खाली. नाना उंच, मी शोभाच्या खांद्याला खांदा लावणारा. आईनं माझ्याखाली पाट दिला. मग पाटावर पाट. मग वर उशी. ऑफिसात मोठ्या मोठ्या मशिनी नाकारणारा मी, घरी दोन पाट आणि एका उशीवर तोल सांभाळत तेल गाळत बसायचो.

पुढच्या संक्रांतीच्या सुमारास आईनं एके दिवशी जवळ येऊन तो नवा डाग नीट न्याहाळला. बोटानं चाचपला. वास घेतला.

"हा त्यांचा नाय," ती म्हणाली. "हा तुझा हाय. उठ आता."

बस, एवढंच. वाईट वाटलं असेल, पण दाखवलं नाही. त्यानंतर तिनं मला कधी बस म्हटलं नाही आणि त्या भिंतीसमोर स्वतःही बसली नाही. मी मात्र बसत राहिलो. सवय लागली होती, दुसरं काय. आई पुढं काही वर्षांनी गेली. शेवटच्या वर्षीसुद्धा तेल तिनंच कढवलं, माझ्या त्या चार केसांसाठी.

ती गेल्यानंतरच्या दिवाळीला शोभानं पलंगाखालून ते यंत्र ओढून काढलं. पुसलं, पाणी भरलं, तापवलं. मी भिंतीपाशी बसलेलो.

"उठा," ती म्हणाली. "तेवढा डाग काढून टाकते. रंगवाले येतील उद्या."

मी डोकं आणखी घट्ट टेकलं. "मला उठता येत नाही गं," म्हटलं. "पाठीत उसण भरलीय."

शोभा माझ्याकडे बघत राहिली. मग यंत्र उचललं आणि मोरीत गेली.

तुम्हाला कधी असलं यंत्र घ्यायचं असेल तर मला विचारा. तिन्ही डेमो माझ्यासमोर झालेत. मोरीची मी पूर्ण गॅरंटी देतो.